नोंग तेरियोचा पडलेला चेहरा

एका सकाळी दात घासता घासता नोंग तेरियोने जाहीर केलं, की गेली अकरा वर्षं जगाच्या पोकरला ज्या माणसाची उणीव भासत होती, तो माणूस परत येत आहे. जगाच्या वतीने ही घोषणा ऐकायला त्याची बायको पेत्रा आणि शेजाऱ्यांचं डुक्कर एवढेच हजर होते. डुकराने निदान मान वर केली.

अकरा वर्षांपूर्वी त्याने खेळ सोडला तो, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, खेळाचा दर्जा घसरला म्हणून. पेत्राच्या म्हणण्याप्रमाणे छपराच्या पत्र्यांसाठी साठवलेले पैसे संपले म्हणून. त्यामुळे या पुनरागमनाला तिने अट घातली. हजार पेसो, त्यावर एक छदाम नाही. ते बुडाले, किंवा बुडताहेत असं तिला नुसतं दिसलं, तरी फोन तिच्या कपाटात जाईल आणि नोंग तेरियो तिच्या भावाच्या शवपेट्यांच्या दुकानात, दारावर, गणवेश घालून उभा राहील. भाऊ उत्साही होता. त्याने गणवेश शिवूनसुद्धा ठेवला.

हजार पेसो घेऊन नोंग तेरियो फोनवरच्या एक पेसोच्या टेबलावर बसला. पोकरच्या महासागरात याहून उथळ पाणी नाही. तीन हजार झाले की वरच्या टेबलावर जायचं, त्याआधी नाही, असा त्याने नियम केला. मधल्या काळात जग बिघडलं होतं. पूर्वी लोक हातात काही नसताना छाती ठोकून उतरायचे आणि माणुसकीने हरायचे. आताची पोरं कोणत्या पत्त्यांवर खेळायचं याचे तक्ते पाठ करून येत आणि दहातले आठ डाव पत्ते टाकून मोकळी होत. तोही नाइलाजाने शहाणा झाला, पत्ते टाकायला शिकला, आणि हळूहळू जिंकू लागला.

इथेच घात झाला. घरात इंटरनेट नव्हतं. ते होतं नांग क्लारिंगच्या दुकानाबाहेर, नाणं टाकलं की चालू होणाऱ्या पेटीत, आणि पेटीसमोर होतं बाकडं, बाकड्यामागे पेत्राची वाळत घातलेली मासळी, आणि बाकड्यावर होती गल्ली. फिलिपिन्समधल्या या बाकोलोद शहरात जिंकणाऱ्याने आसपासच्या माणसांना बालातो द्यायचा असतो, म्हणजे जिंकलेल्यातला वाटा. तो मागणं ही भीक नव्हे आणि न देणं ही काटकसर नव्हे; पहिला हक्क आहे, दुसरा गुन्हा. तीन राण्यांवर चाळीस पेसो जिंकून नोंग तेरियो पहिल्यांदा ओरडला, तेव्हा बाकड्यावरच्या सात जणांनी नव्वद पेसोंची थंड पेयं घेतली. दुसऱ्या दिवशी पंचवीस जिंकले, साठांची बिस्किटं गेली. हिशोब सरळ होता. असाच उत्तम खेळत राहिला तर आठवड्यात तो भिकेला लागणार होता. वाईट खेळला असता तर जास्त टिकला असता.

मग त्याला साक्षात्कार झाला. पोकरमध्ये चेहऱ्यावर काही दिसू देऊ नये, हे त्याला ठाऊक होतं. पण फोनवर समोरच्याला चेहरा दिसतच नाही. दिसतो तो बाकड्याला.

तेव्हापासून चांगली जोडी आली की तो उसासा टाकी. डाव मारला की कपाळावर हात मारून घेई. खरोखर हरला तर वेगळं काही करावं लागत नसे. गल्ली हळहळू लागली. नांग क्लारिंग त्याला उकडलेली केळी फुकट देऊ लागली. शेजारचा बिदोय, जो आयुष्यभर रिक्षा चालवून लोकांची दुःखं ऐकून घेण्यात तयार झाला होता, चर्चमध्ये त्याच्या नावाने मेणबत्ती लावून आला. हरण्यात इतकं पोषण असतं हे नोंग तेरियोला जिंकतानाच कळलं.

आणि एका शनिवारी, नोंग तेरियोच्या हातात दोन एक्के असताना, कोणा तक्तेपाठ पोराने त्याच्यापुढे होतं नव्हतं ते सगळं लावलं. ते सगळं नोंग तेरियोकडे आलं. तीन हजार पार झाले. एवढ्या मोठ्या आनंदाला साजेसं दुःख त्याच्याजवळ तयार नव्हतं. त्याने दोन्ही हातांत तोंड लपवलं आणि त्याचे खांदे गदगदा हलू लागले. दयाळू बिदोय धावत पेत्राकडे गेला आणि तेरियो संपला म्हणून सांगून आला.

पेत्रा आली. मागोमाग भाऊ आला. त्याच्या हातात इस्त्री केलेला गणवेश होता.

"फोन दे," पेत्रा म्हणाली.

"घरी जाऊन बोलू."

"घरी नको. घरी तू फार छान बोलतोस."

नोंग तेरियोने एकदा गणवेशाकडे पाहिलं, एकदा बाकड्याकडे पाहिलं, आणि फोन पुढे केला. पेत्राने चष्मा आणला नव्हता. तिने फोन बिदोयकडे दिला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. बिदोयने वाचलं, तीन हजार बेचाळीस. मग पुन्हा वाचलं, जरा हळू.

"नोंग तेरियो," तो म्हणाला, "मी तुमच्यासाठी मेणबत्ती लावली हो."

"आणि माझी केळी," नांग क्लारिंग म्हणाली.

कोणी भांडलं नाही. थकीत बालातोला थंड पेयं चालत नाहीत, भाजलेली कोंबडी लागते, असं एकमताने ठरलं. फोनमधून पैसे क्लारिंगच्या खात्यात गेले, कोळसे पेटले, कोंबड्या आल्या, कोंबड्यांचा वास आला तशी मागची गल्लीही आली. भावाने शिवणकामाच्या मोबदल्यात दोन तंगड्या घेतल्या. ज्यांनी नोंग तेरियोची सर्वात जास्त कीव केली होती, त्यांनी सर्वात जास्त खाल्लं, आणि ते न्याय्यच होतं.

शेवटी पेत्राने हात पुसले आणि किती उरले म्हणून विचारलं. हजार, आणि वर थोडी चिल्लर.

"म्हणजे बुडाले नाहीत."

"नाहीत."

तिने भावाला गणवेशासकट घरी पाठवलं. नोंग तेरियोचा ऊर भरून आला. तो उभा राहिला. आता पुन्हा एक पेसोच्या टेबलापासून सुरुवात करू, म्हणाला. नाताळपर्यंत वरचं टेबल, पुढच्या वर्षी त्याच्याही वरचं, आणि एक दिवस मोठमोठे खेळाडू विचारतील की हा बाकोलोदचा माणूस इतकी वर्षं होता कुठे. पेत्राने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"खेळ," ती म्हणाली. "फक्त उद्यापासून बाकड्याच्या त्या टोकाला बस. इथे तुझी सावली पडते, माझी मासळी वाळत नाही."