दाराकडची भिंत

"आता सगळ्यांनी उठायचं," प्रशिक्षक टाळी वाजवत म्हणाला, आणि खुर्च्या करकरत मागे सरकल्या. "तुमच्या मॅडम आधी ऐकून घेतात आणि मग ठरवतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी खिडक्यांकडच्या भिंतीशी जायचं. आधी ठरवतात आणि मग सांगतात, असं वाटणाऱ्यांनी दाराकडच्या. मधे रेंगाळायचं नाही. आणि मॅडम, तुम्ही इथेच, माझ्याजवळ."

मॅडम हाताची घडी घालून उभी राहिली. हॉस्पिटलच्या तळघरात शस्त्रक्रियेची अवजारं धुऊन, वाफेच्या मशीनमध्ये निर्जंतुक करून, कापडात बांधून वर पाठवणारा विभाग होता, त्याची ती प्रमुख. अंगाने लहान आणि जिभेने तिखट, म्हणून हॉस्पिटलभर तिला लवंगी म्हणत. तिच्या मागे म्हणत, पण तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

सकाळी सगळ्या विभागप्रमुखांनी संगणकावर स्वभावचाचणी दिली होती. नेत्यांचे चार प्रकार, त्यांचे चार रंग. लवंगीचा रंग हिरवा निघाला. माणसं जोडणारी, त्यांचं ऐकून घेऊन त्यांना पुढे नेणारी. वाचताना तिला स्वतःचा फोटो चांगला आल्यासारखं वाटलं. शस्त्रक्रिया विभागाच्या डॉक्टरांचा लाल आला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे सिग्नलच की! तुमच्या दारापुढे आम्ही अवजारांच्या गाड्या थांबवतो ते बरोबरच आहे." डॉक्टरही हसले होते. आता तो हिरवा रंग कितपत पक्का आहे, ते तिच्याच माणसांकडून तपासायचं होतं.

माणसं खिडक्यांकडे निघाली. धुलाईवाले, बांधणीच्या बायका, जुन्या सिस्टर, सगळे. एक नवी सिस्टर तेवढी दाराकडे गेली. नवी म्हणजे या विभागात नवी. दुसऱ्या हॉस्पिटलात बरीच वर्षं काढून, केस पिकायला लागल्यावर बदलून आलेली. तिने भिंतीला पाठ टेकली आणि समोर पाहिलं.

"काय हो सिस्टर," लवंगी म्हणाली, "घरी निघालात? जेवून तरी जा!"

हशा पिकला. नवी सिस्टरही हसली. "अगंबाई, मी उलटीकडेच आले वाटतं," असं म्हणत तिने सगळं सभागृह ओलांडलं आणि खिडक्यांपाशी दोघींच्या मागे जाऊन उभी राहिली.

"एकसुद्धा मत विरोधात नाही!" प्रशिक्षक खूश झाला. "असं मी फार क्वचित पाहिलंय. उद्या सगळ्या विभागांसमोर तुम्ही दोन शब्द बोलायचं, मॅडम. असा नेता कसा घडतो ते लोकांना कळू दे."

टाळ्या पडल्या. लवंगीने हात जोडले, मान डोलावली. टाळ्या चालूच राहिल्या. तिने हात खाली घेतले तेव्हा त्या थांबल्या, एकदम, सगळ्यांच्या एकाच वेळी. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण ते आता तिला गालांना जाणवू लागलं.

जेवणाआधी हात धुताना तिला स्वतःचं वाक्य पुन्हा ऐकू आलं. जेवून तरी जा. चांगलं जमलं होतं. तिने आरशात पाहिलं आणि साबण लावलेले हात नळाखाली धरायचे राहून गेले. सभागृह ओलांडताना त्या बाईने प्रशिक्षकाकडे पाहिलं नव्हतं. खिडक्यांकडेही नाही. पूर्ण वेळ ती लवंगीच्या तोंडाकडे बघत होती, पुढचा वार येतोय का ते पाहत असल्यासारखी.

जेवणानंतर तिने नव्या सिस्टरला व्हरांड्यात गाठलं.

"सिस्टर, मघाशी तुम्ही दाराकडे का गेला होतात?"

"चुकून, मॅडम. प्रश्न नीट कळला नव्हता."

"खरं सांगा. मी रागावणार नाही."

"तुम्ही कुठे रागावता?" नवी सिस्टर म्हणाली. तिच्या आवाजात खोच नव्हती. "मी आल्यापासून तुम्हाला कुणावर रागावताना पाहिलंच नाही."

हे खरं होतं. लवंगीला याचाच तर अभिमान होता. ती कुणाला कधी आवाज चढवून बोलल्याचं कुणी सांगू शकलं नसतं. ती काहीतरी म्हणणार होती. ओठांवर आलेलं वाक्य विनोदाचंच आहे हे लक्षात आल्यावर नुसतंच "बरं" म्हणून ती वळली.

घरी नवरा भाजी चिरत होता. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"मी ऐकून घेते का रे तुझं?"

"घेतेस की." त्याने सुरी थांबवली नाही. "ऐकतेस आणि वर असं काहीतरी भारी बोलतेस की बस. ते पोहण्याचं आठवतं? मी म्हटलं पोहायला शिकावं म्हणतो, तर म्हणालीस, आधी बादलीत बसून बघ, बुडाला नाहीस तर तलावाचं बघू. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. लोक अजून हसतात."

"मग शिकला का नाहीस?"

"छे! त्यानंतर कोण जातंय." तो हसतच होता.

तिने त्याच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेली भाजी स्वतः चिरायला लागली. "अगं, माझं होत आलंय," तो म्हणाला. तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. प्रशिक्षकाने तिची ओळख करून दिली आणि माईक तिच्या उंचीला खाली ओढला. त्यावरही थोडं हसू आलं. लवंगीने रात्री ठरवून ठेवलं होतं. जे घडलं ते सांगायचं, जसंच्या तसं, आणि खाली उतरायचं.

"काल माझ्या बाजूने सगळ्यांनी मत दिलं असं तुम्हाला सांगितलंय," ती म्हणाली. "ते तसं झालेलं नाही. एक सिस्टर दाराकडे गेली होती. मी तिला म्हटलं, घरी निघालात? जेवून तरी जा!"

सभागृह खदखदून हसलं. तिने थांबायला हवं होतं, की भरभर पुढे जायला हवं होतं, तिला कळेना. वाक्य तिच्या तोंडून नेहमीच्याच लयीत बाहेर पडलं होतं, नेमक्या जागी थांबून, भुवया उचलून.

"मग ती बिचारी आली इकडे," ती म्हणाली, आणि लोक आणखी हसले. "माझ्या घरी पण तेच. नवरा म्हणाला पोहायला शिकतो. मी म्हटलं, आधी बादलीत बसून बघ."

लाल रंगाचे डॉक्टर डोळे पुसत होते. तिसऱ्या रांगेत तिचा विभाग बसला होता आणि तो सर्वांत मोठ्याने हसत होता. त्यांच्यात नवी सिस्टरही होती, तोंडावर रुमाल धरून.

"मी हे हसण्यासाठी सांगत नाहीये," लवंगी म्हणाली.

सगळ्यांत मोठा हशा यावर आला.

ती माईकसमोर उभी राहिली. पुढचा विनोद येईल म्हणून लोक वाट पाहत राहिले, चेहऱ्यांवर हसू तयार ठेवून. मग कुणीतरी खोकलं, कुणी खुर्ची सरकवली. तिची मान लाल झाली होती, ती पहिल्या रांगेतून दिसत असणार. शेवटी प्रशिक्षकाने पुढे होऊन "वा, वा!" म्हणत टाळ्या सुरू केल्या. लवंगी पायऱ्या उतरली आणि पुढच्या राखीव खुर्चीकडे न जाता तिसऱ्या रांगेच्या टोकाला, रिकाम्या जागेवर जाऊन बसली.

शेजारी नवी सिस्टर होती. रुमाल तिच्या मांडीवर पडला होता. स्टेजवर पुढचा विभागप्रमुख बोलू लागला. मग नवी सिस्टर समोर बघतच हळू आवाजात म्हणाली,

"मॅडम, दोन नंबरच्या मशीनमधून बांधलेले ट्रे ओले निघतायत."

लवंगीने मान वळवली. ओला ट्रे म्हणजे आत जंतू शिरायला मोकळी वाट. तो वर पाठवायचा नसतो.

"वर गेलाय का एखादा?"

"नाही. आम्ही बाजूला काढतो आणि पहिल्या मशीनमध्ये पुन्हा लावतो. म्हणून तर संध्याकाळी सगळ्यांना उशीर होतो."

उशिरा थांबणाऱ्यांना लवंगी रोज जाता जाता विचारायची, घरच्यांनी बाहेर काढलंय का तुम्हाला. तेही सगळे रोज हसायचे.

"कधीपासून?"

"मी आले तेव्हा चालूच होतं."

"कुणाकुणाला माहीत आहे हे?"

नव्या सिस्टरने आपल्या रांगेवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काहीजणी मान खाली घालून ऐकत होत्या.

"सगळ्यांना," ती म्हणाली.

लवंगीच्या जिभेवर शब्द आले, सवयीने, अगदी तयार. ते तिने आवंढ्याबरोबर गिळले. ते खाली जायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ नवी सिस्टर तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"अजून सांगा," लवंगी म्हणाली.