भिमाबाईची जागा

तैयबाने पेनाला टोपण लावलं आणि सही न करताच कागद अमिषासमोर परत सरकवला.

अमिषा सकाळच्या रो-रो बोटीने मुंबईहून आली होती. गावोगावी लोकांनी स्वतः गोळा केलेली, सगळ्यांच्या उपयोगी पडणारी माहिती नोंदवण्याच्या कामाला तिची संस्था पैसे देई. या खाडीवरच्या बत्तीस बायकांना ते पैसे तीन वर्षं मिळत होते. ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायच्या, येताना तैयबाच्या पडवीत थांबायचं आणि आज कुठे गेलो, किती पाट्या निघाल्या ते सांगायचं. तैयबा ते फोनमध्ये भरायची. ही खाडी किती घरांच्या चुली पेटवते, हे दुसऱ्या कुठल्याच दप्तरात नव्हतं.

आता खाडीच्या तोंडाशी जेटी येऊ घातली होती. कंपनीच्या पाहणीत लिहिलं होतं की या चिखलावर कोणाचंही पोट चालत नाही. पुढच्या महिन्यात अलिबागेत सुनावणी होती.

संस्था आणखी तीन वर्षं पैसे द्यायला तयार होती. अट एकच. नावं, जागा, सगळं इंटरनेटवर खुलं करायचं. ज्याला हवं त्याने बघावं. लोकांच्या पैशातून झालेलं काम लोकांपासून लपवून कसं चालेल, असं अमिषा म्हणत होती, आणि ती मनापासून म्हणत होती.

"उद्या पंप लावून तिसऱ्या उपसणारे चोर हाच नकाशा बघून येतील," तैयबा म्हणाली. "दोन दिवसांत सगळी खाडी खरवडून नेतील."

"पण तैयबाताई, जागा दाखवल्याशिवाय सुनावणीत कोण मानेल?"

"पाट्या दाखवू. जागा नाही. माझ्या बायका नाही देणार."

पडवीत बसलेल्या पाच-सहा जणींनी माना डोलावल्या. अमिषाने कागद पिशवीत ठेवला, चहा संपवला, शुक्रवारपर्यंत वाट बघते म्हणाली आणि निघाली. गाडी वळणाआड गेल्यावर कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या कृष्णाबाईने तैयबाच्या पाठीवर थाप मारली. तैयबाचा ऊर भरून आला. नवरा वीस वर्षं कुवेतला. शेळी विकायची तरी ती त्याला फोन करून विचारायची. आज तिने कोणालाच विचारलं नव्हतं.

खालच्या पायरीवर बसलेली भिमाबाई मात्र उठली नाही. ती बौद्धवाडीतली, साठीची. स्मशानापलीकडे, तिवरांच्या कडेला ती एकटीच जायची.

"मला इचारलंस?" ती म्हणाली.

तैयबाला आधी कळलंच नाही.

"माझ्या बायका न्हाय देणार म्हणालीस. मी त्यांच्यात हाय ना? मला इचारलंस?"

हे सगळ्यांच्या भल्याचंच आहे, असं तैयबा सांगू लागली. कृष्णाबाई तर चिडलीच. एकीने जागा दाखवली की चोरांना बाकीच्यांची वाट सापडेल, म्हणाली. भिमाबाईने तिला पुरतं बोलू दिलं.

"माझी जागा तुमच्यापासून लांब हाय. कोणी येत न्हाय तिथं. तुमच्याकडं बोटीचे कागद हायत, मच्छीमार सोसायटीचे हायत. माझ्याकडं काय हाय?" तिने पाटी मांडीवर ओढून घेतली. "कंपनीचा मानूस पाहणीला आला तवा मी तिथंच होते, कमरेएवढ्या पान्यात. त्यानं बघितलं मला. आणि लिवलं काय, तर कोणी न्हाय. चोर आला तर मी भांडेन त्याच्याशी. पण नसलेल्या बाईनं भांडायचं कसं?"

भिमाबाई पाटी उचलून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तैयबाने डोक्यावर ओढणी घेतली आणि ती घरोघर गेली. दोन दिवस लागले. अठ्ठावीस जणींनी जागा द्यायला नकार दिला. तिघी म्हणाल्या, तूच काय ते ठरव. मी नाही ठरवणार, असं म्हणून त्या प्रत्येकीच्या ओट्यावर तैयबा उत्तर मिळेपर्यंत बसून राहिली. त्याही अखेर नाहीच म्हणाल्या. फक्त भिमाबाईचा होकार होता.

शुक्रवारी तिने अमिषाला फोन केला. एक जागा नावासकट खुली, एकतीस झाकलेल्या. पैसे द्यायचे तर असे द्या, म्हणाली.

वरचे लोक असं ऐकणार नाहीत, पण विचारून बघते, अमिषा म्हणाली.

"विचारा," तैयबा म्हणाली. "आम्हीपण विचारूनच सांगतोय."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर पैसे राहू देत. नोंदी काय थांबणार नाहीत. सुनावणीलाही आम्ही येणारच."

शनिवारी दुपारी ओहोटी होती. अमिषाचं उत्तर आलं नव्हतं. तैयबा भिमाबाईच्या मागोमाग स्मशान ओलांडून खाली उतरली. तीन वर्षं ती या जागेची नोंद करत होती, ती पडवीत बसून. इथे तिचं पाऊल आज पहिल्यांदा पडत होतं. तिवरांशी घट्ट चिखल लागला तिथे ती थांबली आणि तिने फोन वर धरला.

भिमाबाई पुढून वळली.

"तिथं न्हाय. कंपनीचा मानूस तिथंच उभा होता."

तैयबाने चपला काढल्या, सलवार वर खोचली. पाणी गुडघ्याला लागलं, मग मांड्यांना. कमरेशी आल्यावर भिमाबाईने हाताने थांब म्हटलं आणि पायाच्या अंगठ्याने तळ चाचपला.

"हां. हितं."

तैयबाने फोनवर जागेची खूण दाबली. नावाचा रकाना उघडला. तिने भिमाबाई असं लिहिलं आणि पुढे जायला बोट उचललं.

"आडनाव लिव."

तैयबाचं बोट तसंच राहिलं. बत्तीस जणींच्या नोंदी, तीन वर्षं. कृष्णाबाईचं आडनाव तिला ठाऊक होतं, कोळीवाड्यातल्या सगळ्याच जणींची ठाऊक होती. तिने मान वर केली आणि विचारलं.

भिमाबाईने सांगितलं. एकदा, सावकाश. मग ओला हात पदराला पुसून ती जवळ आली आणि अक्षरं नीट उमटतात का, ते बघत उभी राहिली.