रविवारची शेगडी

शनिवारी संध्याकाळी लुबर्ट फर्निचरच्या कारखान्याला कुलूप लावत होता आणि सोबतचा कारागीर झिगमुंट त्याच्या मागे हात धुऊन लागला होता.

"अरे, कपाटावर विनियरचा पातळ पापुद्रा आत्ताच चिकटवलाय. सरस ओला आहे अजून. शेगडी विझली आणि सरस गारठला, तर सगळा पापुद्रा सुटेल. किल्ली दे, उद्या मी येऊन लाकडं घालतो."

"रविवारी, देवाच्या दिवशी काम? नाव काढू नकोस."

"तू नको रे घालूस! मी पोपचा माणूस, कॅथलिक, आमचा नरक तुम्ही डच लोकांनी केव्हाच पक्का करून ठेवलाय. माझं काय जाणार?"

"तुझ्याकडून करवून घेतलं काय आणि मी केलं काय, एकच."

झालं! अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्समध्ये डच माणसाशी रविवारवरून वाद घालायचा म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. झिगमुंट हात झटकून निघून गेला. लुबर्टनं शेगडीत मावतील तेवढी लाकडं कोंबली होती, बाकीचं देवावर सोडलं होतं.

अक्रोडाच्या लाकडाचं ते साइडबोर्ड, जेवणाच्या खोलीतलं बुटकं कपाट, सोमवारी सकाळी प्रदर्शनात जायचं होतं. जानेवारीच्या बाजारात बाहेरगावच्या दुकानदारांनी ते उचललं नाही, तर कारखान्याला कायमचं कुलूप, असं मालकानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. त्या मंदीत दुसरीकडे काम कुठलं मिळायला? लुबर्टची पोरं नुसत्या उकडलेल्या बटाट्यांवर आली होती.

रात्रीत थंडी अशी पडली की सकाळी खिडक्या आतून पांढऱ्या झाल्या. लुबर्ट सकाळच्या प्रार्थनेला गेला, दुपारच्याही. दुपारी त्याची बायको त्रेन्त्ये डोकं दुखतंय म्हणून घरी राहिली. प्रवचन सुरू झालं की ती पिशवीतून पेपरमिंटची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवायची. आज हात रिकामाच राहिला. त्याला पाळकाचा एक शब्द ऐकू येईना, डोळ्यांसमोर नुसता तो पापुद्रा. शेवटी तो भर प्रवचनात उठला आणि सगळ्यांच्या देखत बाहेर पडला.

घरी येऊन त्यानं कामाच्या पँटचे खिसे चाचपले. किल्ली नव्हती. त्रेन्त्येही नव्हती.

तो धावत सुटला. कारखान्याच्या धुरांड्यातून धूर निघत होता. आत त्रेन्त्ये रविवारची टोपी घालून शेगडीत लाकडं सारत होती. तिचे हात काळे झाले होते.

"काय केलंस हे!" लुबर्ट ओरडला.

"केलं ते केलं. देव विचारील तेव्हा मी बघून घेईन. पोरं खायला काय म्हणून विचारतील, त्यांना काय सांगायचं ते तू सांग." मग तिचा आवाज उतरला. "पण मी आले तोवर शेगडी विझली होती रे. पापुद्र्याचा कोपरा सुटलाय."

लुबर्टनं कोपऱ्यावर बोटानं वाजवलं. खाली पोकळ वाजलं. ओलं फडकं ठेवून तापलेली इस्त्री फिरवली, तर सरस पुन्हा धरेल, हे त्याला ठाऊक होतं. पण आज, आत्ता. सकाळी साइडबोर्ड न्यायचं होतं, तोवर सरस पुन्हा वाळायला हवा होता.

"मला शेगडी पेटवता येते, लुबर्ट," ती म्हणाली. "ते काम नाही येत."

लुबर्ट उभ्या उभ्या रडला. मग त्यानं चर्चचा काळा कोट काढून खुंटीला टांगला आणि इस्त्री शेगडीवर ठेवली.

इस्त्री फिरवून त्यानं कोपरा दाबून धरला, पुन्हा बोटानं वाजवून पाहिलं. पोकळी गेली होती.

"देवा, तुझे उप..." सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, आणि तो मध्येच थांबला. पुढचा शब्द उच्चारायची त्याची छाती होईना.

त्रेन्त्येनं पिशवीतून पेपरमिंटची गोळी काढली आणि काळ्या हातानंच त्याच्या तोंडात घातली.