पट्टी आणि पट्टा

मित्रांनो, गरगर फिरणे हेच माझे आयुष्य. मी प्रयोगशाळेतला एक जुना सेंट्रिफ्यूज आहे. पाण्याने भरलेल्या नळ्या पोटात घेऊन मी जोरात फिरतो आणि त्या पाण्यातला बारीक गाळ तळाशी बसतो. ज्यांनी मला घडवले त्यांनी मजबूत घडवले, पण मुके करायचे राहून गेले. सुरू झालो की एकच सूर धरून घुमत राहतो. पहिली काही वर्षे माणसे कानांत कापूस घालून माझ्याजवळ येत. मला फार कसनुसे व्हायचे.

मग ती आली. पिण्याच्या पाण्यातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांवर ती दिवसा संशोधन करायची आणि संध्याकाळी शास्त्रीय गाण्याच्या मैफली. पहिल्याच दिवशी मला सुरू करून ती थबकली आणि हसली. मी नेमका तिच्या 'सा'वर, पेटीवरच्या काळी चार या पट्टीत घुमत होतो. तेव्हापासून नळ्या फिरत तेवढी वीस मिनिटे ती माझ्याशेजारी स्टुलावर बसून रियाझ करू लागली. सगळे तिला 'रियाझबाई' म्हणून चिडवत. माझा भाव मात्र चांगलाच वधारला.

पाच वर्षे सुखात गेली. नंतर तिचे आकडे जुळेनात. पूर्वी मोजलेल्या पाण्याचाच जपून ठेवलेला नमुना पुन्हा मोजला, तर गाळ कमी भरायचा. दोन महिने हेच चालले. शेवटी विभागप्रमुखांनी माझ्यासमोरच तिला सुनावले, की दोन दगडांवर पाय ठेवून संशोधन होत नाही. महिनाअखेर आकडे जुळले नाहीत तर गाणे सोडा, नाहीतर प्रयोगशाळा. ती मान खाली घालून नळ्या पुसत राहिली. मी तर इमानेइतबारे फिरत होतो, मग हे असे का, ते मला कळेना.

पुढचे मी ऐकले ते ती दुरुस्तीवाल्या काकांना सांगत होती तेव्हा. तिची आत्याच तिची गुरू. रविवारी शिकवणीला तंबोरा लागायच्या आतच हिने 'सा' लावला. आत्याने पेटी दाबून पाहिली, तर तो लागला होता पांढरी पाचमध्ये, म्हणजे अर्धा सूर खाली. हिला रडूच कोसळले. संशोधन हातचे चालले होते, आता गळाही गेला असे तिला वाटले. आत्याने शांतपणे विचारले, "रोज कोणाबरोबर गातेस?"

"यंत्राबरोबर."

"मग आधी त्याचा सूर तपास."

सोमवारी तिने सूरपेटी माझ्याजवळ ठेवून मला सुरू केले. माझ्या फेऱ्या दाखवणाऱ्या तबकडीचा काटा मिनिटाला साडेबारा हजारांवर होता, पण सूर खाली होता. माझ्या एका फेरीला सुराचे एक कंपन, म्हणून त्या सुराची सेकंदाची कंपने तिने साठाने गुणली, तर मिनिटाच्या फेऱ्या बारा हजारसुद्धा भरेनात. काकांनी माझी पाठ उघडली. मोटरवरून मला फिरवणारा पट्टा झिजून घसरत होता. मोटर पुरी फिरत होती, तबकडी तिच्याच फेऱ्या मोजत होती, आणि मी मागे पडत होतो, म्हणून गाळ कमी बसत होता.

काका म्हणाले, "ताई, तुमची पट्टी उतरलेली नाही. याचा पट्टा सैल झालाय."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माझ्यापायी तिने किती बोलणी खाल्ली होती! पण तिने माझ्या झाकणावर हात ठेवला. "चुकली ती तबकडी. तू सूर खराच लावत होतास," ती म्हणाली. इतक्या प्रेमाने माझ्याशी कधीच कोणी बोलले नव्हते.

नवा पट्टा बसला, जुने आकडे तंतोतंत जुळले. तिने ते विभागप्रमुखांपुढे ठेवले. "सर, मी गाते म्हणून चूक सापडली. मी दोन्हींतलं काहीच सोडणार नाही."

हल्ली आकडे लिहिण्याआधी सरही माझ्यापाशी येऊन कान देतात. काळी चार कुठली आणि पांढरी पाच कुठली, हे त्यांना अजून कळत नाही. तरी उभे राहतात बिचारे.

मित्रांनो, मी तिचा जन्माचा ऋणी आहे. तुमच्या घरीही पंखा असेल, शिलाई मशीन असेल, सायकल असेल. त्यांचा आवाज बदलला तर कपाळाला आठ्या घालू नका. जवळ जा आणि ऐका. आमचे काही दुखले तर आम्हाला तेवढेच सांगता येते.