राणीचा तुरा

चष्मेवाल्यांच्या घरची गॅलरी त्यांच्या बायकोने कधीच सोडून दिली होती. कपडे वाळत घालायला गच्ची, हवा खायला खिडकी, आणि गॅलरी किडे खाणाऱ्या घटपर्णींना. काचा लावून बंद केलेली, आत दमट ऊब, आणि छताच्या आकड्यांना टांगलेल्या कुंड्यांमधून लोंबणाऱ्या पानांच्या लहानमोठ्या सुरया. प्रत्येक सुरईच्या तळाशी थोडं पाणी आणि त्यात चार मुंग्यांचं वाटोळं झालेलं. "जावयांचा थाट असतो नुसता," बायको म्हणायची, "फरक इतकाच, की जावई कधीतरी परत जातो." पण दुपारी चष्मेवाले दुकानात असताना पानांवर पाणी फवारायचं काम तीच करायची, आणि कुठल्या वेलाला नवी सुरई धरली हे पहिल्यांदा तिलाच कळायचं.

त्यातली सगळ्यात मोठी घटपर्णी म्हणजे राणी. रुंद लाल ओठाची, वीतभर सुरयांची. कुणीतरी दिलेल्या फांदीपासून चष्मेवाल्यांनी ती वाढवली होती. एवढी वर्षं झाली, पण तिला फूल काही आलं नव्हतं.

आणि नेमकी तीच गोष्ट चष्मेवाल्यांच्या मानेवर बसली होती.

झालं होतं असं. एकदा त्यांनी टपालाने बी मागवलं. केसासारखं बारीक बी, फुंकर मारली तर उडून जाईल असं. ते ओल्या शेवाळावर पेरलं, काचेखाली झाकलं, आणि मुलांना जपावं तसं जपलं. अंगठ्याएवढी रोपं व्हायला दोन वर्षं गेली. ही मेहनत अगदी खरी होती. पुढे घटपर्णी वाढवणाऱ्यांच्या मंडळात त्यांनी ती रोपं वाटली, तेव्हा कुणीतरी कौतुकाने विचारलं, "घरचंच बी वाटतं?" चष्मेवाले खाली वाकून ट्रे उचलत होते. त्यांनी मान हलवली. बस, तेवढंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कुणी विचारलं, आई कोण? राणी, ते म्हणाले. आणि बाप? एका मित्राकडून पराग आणला होता. असं करत करत खोट्याला हातपाय फुटले. घरी बायकोने विचारलं, "राणी फुलली कधी? मला कशी दिसली नाही?" तर म्हणाले, "तू बहिणीकडे होतीस तेव्हा." तिला ते पटलं. "मी नसतानाच बरी फुलते मेली," म्हणून ती हळहळली, आणि नंतर येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगत राहिली, की आमच्याकडे संकर करतात, घरच्या घरी.

राणीला खरोखरच तुरा आला तेव्हा तोही बायकोलाच पहिल्यांदा दिसला. वितीएवढा देठ आणि त्यावर मोहरीसारख्या कळ्या. तिने आनंदाच्या भरात मंडळातल्या बाईंना फोन केला. बाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. त्यांच्याकडे एक नर घटपर्णी होती आणि तिचा पराग त्यांनी कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवला होता. "रविवारी येतेच," बाई म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी फोन संपायच्या आतच गॅलरी गाठली. घटपर्णीचं एक असतं: झाड नर तरी असतं नाहीतर मादी, आणि फूल उमलेपर्यंत ते कळत नाही. राणी मादी निघाली तर सगळं निभावून जाणार होतं. ते रोज सकाळी कळ्यांकडे बघत आणि मनातल्या मनात तिला विनवत.

रविवारी सकाळी तळाच्या कळ्या उमलल्या. चष्मेवाल्यांनी दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं. प्रत्येक फुलाच्या मधोमध एक काडी, काडीवर गोल गोंडा, आणि गोंड्यावर पिवळी धूळ. राणी नर होती. जन्मात बी धरणं तिला शक्य नव्हतं.

बायको आत चहाचं आधण ठेवत होती. चष्मेवाल्यांनी कात्री आणली, तुरा बुडापासून कापला आणि कचऱ्याच्या डब्यात जुन्या शेवाळाखाली दाबला. हात धुतात न धुतात तोच दारावरची बेल वाजली.

बाई थर्मासात बर्फ घालून पराग घेऊन आल्या होत्या. दोन बस बदलून. चपला काढल्या आणि थेट गॅलरीत गेल्या. राणीसमोर उभ्या राहिल्या. कापलेल्या देठाच्या टोकाला अजून रसाचा थेंब होता.

"अहो, हे काय? तुरा कुठंय?"

चष्मेवाल्यांनी काहीही ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि शब्द आपोआप बाहेर पडले. "हिच्या हातून मोडला. सकाळी, पडदा सरकवताना."

वळून बघतात तर बायको दारात, हातात चहाचा ट्रे. तिने सगळं ऐकलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग राणीकडे, मग परत नवऱ्याकडे.

"हो," ती म्हणाली. "लक्षच नव्हतं माझं."

बाईंनी ट्रे तिच्या हातून घेऊन खाली ठेवला आणि तिचा हात धरला. "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. होतं असं. माझ्याकडून तर अख्खी कुंडी पडलीय. परत येईल तुरा." बायको नुसती मान हलवत होती. चष्मेवाले फरशीकडे बघत होते. धरणी दुभंगावी म्हणतात ते काय, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

चहा पिऊन बाई निघाल्या. बायकोने दार लावलं आणि कपबशा उचलून आत गेली. ती भांडली असती तर चष्मेवाल्यांना बरं वाटलं असतं. मग ते चपला अडकवून जवळजवळ धावतच बसथांब्यावर गेले.

बाई थर्मास मांडीवर घेऊन बाकावर बसल्या होत्या.

"बाई, राणी नर आहे."

बाई हसल्या. त्यांना वाटलं, गंमत चाललीय. मग त्यांनी चष्मेवाल्यांचा चेहरा बघितला आणि हसू मावळलं. चष्मेवाल्यांनी सगळं सांगितलं: टपालाचं बी, ती हललेली मान, सकाळची कात्री. सांगताना त्यांना दम लागत होता.

"मी वर्गात मुलींना तुमचं उदाहरण देते," बाई म्हणाल्या. "फळ्यावर लिहून दाखवते. ही आई, हा बाप, हे रोप."

"चुकलं माझं."

"ते मी बघेन. मुलींना सांगेन, मला चुकीचं कळलं होतं. पण वहिनी? त्यांची समजूत काढत होते हो मी! आणि त्या माझं ऐकून घेत होत्या. काय वाटलं असेल त्यांना?" त्यांची बस आली. चढताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

त्या महिन्याची मंडळाची बैठक चष्मेवाल्यांच्याच घरी ठरलेली होती. ती पुढे ढकलायचा मोह त्यांना झाला, पण त्यांनी तसं केलं नाही. सगळे जमल्यावर उभे राहून त्यांनी सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, "आणि तुरा हिने मोडला नव्हता. मी कापला." कुणी खोकलं. कुणी खिडकीबाहेर बघू लागलं. एक गृहस्थ समजुतीने म्हणाले, "जाऊ द्या हो, रोपं तर तुम्हीच वाढवलीत ना?" ते बोलणं तर चष्मेवाल्यांना शिवीपेक्षा जास्त लागलं. बाई आल्या नव्हत्या. मंडळाच्या प्रदर्शनासाठी रोपांची निवड दरवर्षी चष्मेवाले करायचे. या खेपेला ते काम दुसऱ्या कुणाकडे गेलं, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

बायको त्या बैठकीत बाहेर आली नाही. सगळे गेल्यावर चष्मेवाले स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"ऐकलंस ना? सगळ्यांसमोर सांगितलं मी."

"ऐकलं."

"अजून राग आहे?"

ती ओट्याला टेकून उभी होती. "तुमचा आहेच. पण त्याहून जास्त माझाच येतोय. तुम्ही माझं नाव घेतलंत आणि मी पटकन हो म्हटलं. विचारसुद्धा करावा लागला नाही मला. म्हणजे सवयच असणार. आता आठवत बसलेय, आधी केव्हा केव्हा असं हो म्हटलंय ते."

असं काही नाही गं, असं म्हणायला चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. पण तेवढ्यात त्यांना दुकानातलं एक गिऱ्हाईक आठवलं. त्याच्या चष्म्याची काडी त्यांच्याच हातून तुटली होती, आणि ते म्हणाले होते, आमच्या हिने पुसताना जोर लावला असेल. मग एक भाचा आठवला, ज्याच्या लग्नाला ते गेले नव्हते, आणि कारण म्हणून हिची तब्येत सांगितली होती. त्यामागोमाग आणखी काही. ते दारातच उभे राहिले, एकेक आठवत.