चालकाच्या शेजारची सीट

दीर सहा वर्षांनी सुटून आला, तेव्हा सासूबाईंनी शेजाऱ्यांना सांगितलं की तो बाहेरगावी नोकरीला होता. शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, पण माना डोलवायला काय जातंय!

थोरलीनेही त्या दिवशी तोंडातून चकार शब्द काढला नाही. या घरात सगळे तिला थोरली म्हणत, कारण ती मोठ्या मुलाची बायको. बाहेर मात्र ती 'चार नंबरच्या बाई' होती. वाहन परवाना कार्यालयात चार नंबरच्या खिडकीत बसून तिला बारा वर्षं झाली होती. प्रवासी गाडी चालवायचा परवाना ज्याला हवा, त्याचा अर्ज तिच्या हाताखालून जायचा. फोटो चिकटवलाय का, डोळ्यांचा दाखला जोडलाय का, सही दोन्ही पानांवर आहे का, हे ती डोळ्यांत तेल घालून बघायची. एजंट लोक तिला पाठीमागे 'भिंग' म्हणत.

दिरावरचा गुन्हा साधासुधा नव्हता. नोकरी लावतो म्हणून अकरा मुलींना फसवून विकणारी एक टोळी पकडली गेली, तेव्हा त्या मुलींना पोचवणारी गाडी तो चालवत होता. घरात या गोष्टीची एकच बाजू माहीत होती. त्याने स्टिअरिंग धरलं होतं, बास. मागे कोण बसलंय, कशाला बसलंय, ड्रायव्हरला काय कळणार? थोरलीही तेच धरून चालली होती. खटल्याला ती एकदाही गेली नव्हती. नवऱ्याने सांगितलं होतं, "तू नको येऊस, सरकारी नोकरी आहे तुझी." तिलाही ते सोयीचं वाटलं होतं.

सुटून आल्यावर महिनाभराने जेवताना दीर म्हणाला, "वहिनी, माझा परवाना नवा करून घ्यायचाय. अर्ज तुमच्याच खिडकीत येईल ना?"

थोरलीचा घास हातातच राहिला. "भाऊजी, नवा नियम आलाय. माणसांच्या तस्करीत शिक्षा झालेल्याला प्रवासी गाडीचा परवाना द्यायचाच नाही. कायमचा नाही."

"तसा रकाना आहे अर्जात, बघितलाय मी. 'नाही' लिहिलं की झालं."

"पोलिसांकडचं रेकॉर्ड बघून तिथे खूण करावी लागते."

"कुणी करायची खूण?"

सगळे तिच्याकडेच बघत होते.

"अगं, सहा वर्षं भोगलीत त्याने," नवरा म्हणाला. "आता काय जन्मभर हातावर हात ठेवून बसायचं? दुसरं काही येतं का त्याला?"

"मालवाहू गाडी चालवा ना. त्याला बंदी नाही."

"पोत्यांची ओझी वाहू का मी?" दीर हसला. "माणसांशी बोलायची सवय आहे हो मला, वहिनी."

दुसऱ्या आठवड्यात अर्ज खिडकीत आला. रकान्यात गोल, टापटीप अक्षरात 'नाही' लिहिलं होतं. खरं तर नात्यातला माणूस म्हणून तिने तो अर्ज तीन नंबरच्या खिडकीकडे ढकलायला हवा होता. पण तीन नंबरचा कारकून रेकॉर्ड न बघताच खुणा करतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिने अर्ज स्वतःकडे ठेवला आणि नियमाप्रमाणे कोर्टाकडून निकालाची प्रत मागवली.

प्रत आली ती अठ्ठावन्न पानांची. डबा खायच्या सुट्टीत ती एकटी बसून वाचू लागली. वाचायची गरज नव्हती. शेवटच्या पानावरची शिक्षा बघून काम झालं असतं. पण ती पहिल्या पानापासून वाचत गेली, आणि एकतिसाव्या पानावर थबकली.

एका मुलीची साक्ष होती. ती शिवणकाम शिकलेली, एकोणीस वर्षांची. ती म्हणाली होती: गाडीत बसायला आम्ही तयार नव्हतो. मग ड्रायव्हर खाली उतरला. गोड बोलत होता. त्याने खिशातून एक फोटो काढला. म्हणाला, ही माझी वहिनी, सरकारी ऑफिसात आहे, तिकडे पोचलात की तुमचे कागद हीच करून देणार आहे. फोटोतल्या बाईंच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र होतं. त्या चांगल्या दिसत होत्या. म्हणून आम्ही बसलो.

थोरलीने ते वाक्य पुन्हा वाचलं. चांगल्या दिसत होत्या. तो फोटो तिला आठवत होता. कार्यालयात कायम झाली त्या दिवशी दिरानेच काढला होता, "हसा की जरा वहिनी" म्हणत.

डबा तसाच बंद करून ती खिडकीवर परतली. 'नाही' या शब्दावर तिने लाल रेघ मारली, निकालाची प्रत जोडली, 'अपात्र' असा शिक्का मारला आणि खाली सही केली. 

संध्याकाळी घरात आग्यामोहोळ उठलं. नवऱ्याने तोंड सोडलं. सासूबाई रडल्या. मग थोरलीने एकतिसावं पान जसंच्या तसं सांगितलं. वाटलं होतं, आता तरी कुणाला लाज वाटेल.

दिराने मान खाली घातली. नवरा खिडकीबाहेर बघत राहिला. शेवटी सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तुझंच नाव घेतलं ना त्याने? परक्या कुणाचं नाही. तेवढा मान होता त्याच्या मनात तुझ्याबद्दल."

त्या रात्रीपासून थोरलीने आपलं अंथरूण वेगळं घातलं.

दोन महिने शांततेत गेले. दीर सकाळी बाहेर पडायचा, कुठे जातो ते कुणी सांगत नव्हतं. मग एका सकाळी, कार्यालयाच्या वाटेवर, कारखान्यांकडे जाणाऱ्या चौकात तिला एक नवी पांढरी व्हॅन दिसली. कामाला जाणाऱ्या बायका-मुली तीत चढत होत्या. स्टिअरिंगवर कुणी अनोळखी माणूस होता. शेजारच्या सीटवरून उतरून, दार धरून, एकेकीला "या ताई, सावकाश" म्हणत आत घेणारा तिचा दीर होता.

कार्यालयात पोचताच तिने नोंदवही उघडली. व्हॅनचा परवाना तीन नंबरच्या खिडकीतून गेला होता. अर्जदाराचं नाव तिच्या नवऱ्याचं. सगळे कागद चोख, रकान्यात 'नाही', आणि ते 'नाही' खरंही होतं.

ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, मालक स्वच्छ आहे. चालक स्वच्छ आहे."

"आणि शेजारी बसतो तो?"

"कायदा परवान्याबद्दल बोलतो. शेजारच्या सीटला परवाना लागत नाही."

"साहेब, मुलींना गाडीत बसवायचं काम तो तेव्हाही करत होता. स्टिअरिंग तर नुसतं निमित्त होतं."

साहेबांनी चष्मा काढला. "तुमच्या घरातली भांडणं आहेत का काही? मालक तुमचे मिस्टर आहेत म्हणून विचारतो."

तिने लेखी तक्रार दिली. तक्रारीला आवक क्रमांक मिळाला. पंधरा दिवसांनी हातात कागद पडला, पण तो तक्रारीचं उत्तर नव्हता. नातेवाइकाचा अर्ज स्वतःकडे ठेवून घेतल्याबद्दल समज देऊन तिची बदली तळघरातल्या जुन्या दप्तरात केली होती. चार नंबरच्या खिडकीत तीन नंबरचा कारकून जास्तीचं काम म्हणून बसू लागला.

नवऱ्याला तिने एवढंच विचारलं, "अहो, व्हॅनच्या अर्जावर सही करताना एकदाही हात अडला नाही तुमचा?"

"सख्खा भाऊ आहे माझा," तो म्हणाला. "तू परक्या मुलींसाठी घर मोडायला निघालीस."

"परक्या नव्हत्या त्या. मला बघून बसल्या होत्या."

तिने कपड्यांची बॅग भरली आणि कार्यालयामागे एका विधवा शिक्षिकेकडे खोली घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चौकात जाऊन उभी राहिली. व्हॅन आली. दीर उतरायच्या आत ती रांगेसमोर गेली आणि मोठ्याने सांगू लागली, हा माणूस कोण आहे, कशासाठी तुरुंगात होता, किती मुली होत्या.

दीर दाराला टेकून उभा होता. "वहिनींची तब्येत बरी नसते," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, अगदी मायेने म्हणाला.

दोघी रांगेतून बाहेर पडल्या. बाकीच्या चुळबुळ करत घड्याळं बघू लागल्या. एक मध्यमवयीन बाई थोरलीच्या जवळ आली, हळूच म्हणाली, "खरं असेल हो तुमचं. पण बस तासाने येते, आणि पाच मिनिटं उशीर झाला तरी फाटक बंद होतं आमचं." मग ती चढली. तिच्यामागे एकेक करत सगळ्याच चढल्या. दिराने दार ओढून घेतलं.

त्या आठवड्यात थोरली रोज गेली. रोज एखादी उतरायची, एखादी नवी चढायची. सोमवारी ती पोचली तर चौक रिकामा होता. तिने अर्धा तास वाट बघितली. मग कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला विचारलं.

"थांबा बदलला त्यांनी," तो टायर पाण्यात दाबत म्हणाला. "कुठे ते काही बोलले नाहीत."

थोरलीने पदर खोचला आणि कारखान्यांच्या दिशेने चालायला लागली. पुढे चार चौक होते, आणि तळघरातलं दप्तर उघडायला दहापर्यंत वेळ होता.