तपासणीपर्यंतच्या चपात्या

मित्रांनो, मी बाभळीच्या लाकडाचा पोळपाट. आता जुना झालो आहे. इंदापूरच्या आप्पा सुतारांनी मला तासून गोल आकार दिला, तीन पाय बसवले आणि "डुगडुगू नकोस बरं का," म्हणत माझ्यावर थाप मारली.

सायराबानूच्या लग्नात मी भिगवणला आलो. तिचे पती खाजाभाई मासळीचा व्यापार करतात. पाहुणे जेवायला आले की म्हणायचे, "सायरा, चपाती हाय का कागद?" त्या कौतुकातला अर्धा वाटा मी गुपचूप माझ्याकडे घ्यायचो.

त्यांची मुलगी समिना लहानपणी कणकेचा गोळा घेऊन माझ्यावर मांजरं लाटायची. पुढे तिचं पोट सारखं दुखू लागलं. पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, अंगाला काही लागत नसे. गेल्या ईदचा फ्रॉक या ईदलाही तसाच बसला, तेव्हा सायराबानू घाबरली. शाळेत मुलं तिला 'फुगा' म्हणू लागली. मग समिना खेळायला जाईनाशी झाली. संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एकटीच बसून राहायची.

बारामतीच्या डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं. सायराबानूने शेजारच्या सिंधुबाईंना सांगितलं, "सिलिॲक असंल म्हणत्यात. गहू तिच्या आतड्याला सोसत न्हाय. आता दुर्बीण घालून आतड्याचा बारीक तुकडा काढून बघायचाय."

"मग आजच बंद कर की गहू!" सिंधुबाई म्हणाल्या.

सायराबानूने तसंच केलं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. काही दिवसांत समिनाचं पोट हलकं झालं, ती एकदा हसलीसुद्धा. मलाही बरं वाटलं. पण तपासणीची तारीख विचारायला फोन केला, तेव्हा डॉक्टर सायराबानूवर रागावले. तपासणी होईपर्यंत गहू बंद करायचा नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. घाबरलेल्या आईच्या कानातून ते निसटलं होतं. आता तारीख पुढे गेली आणि मी पुन्हा खाली आलो.

"अम्मी, मला बरं वाटत होतं की. परत कशाला?" समिनाने ताट ढकललं.

"गहू सोडला की आतली जखम भराया लागती, बाळा. मग दुर्बिणीत काय दिसायचं न्हाय. आन् खरं काय ते कधीच कळायचं न्हाय."

"पण दुखतं गं."

सायराबानूचं लाटणं माझ्यावर थांबलं. "ठाव हाय मला," एवढंच ती म्हणाली आणि डॉक्टरांनी सांगितली होती तेवढीच चपाती लाटली.

समिना भिंतीकडे बघत घास चावायची आणि मग पाय पोटाशी घेऊन पडायची. खाजाभाईंना ते बघवत नसे. ते ताट घेऊन अंगणात जात. सायराबानू ओट्यापाशी उभ्यानेच दोन घास खाई. एकाच घरात तिघं तीन ठिकाणी जेवत होती. मित्रांनो, तेव्हा माझ्यावर पडणारं पीठ मला जड वाटायचं.

तपासणीच्या सकाळी समिनाला उपाशीपोटीच बारामतीला नेलं. बंद घरात मी दिवसभर कान देऊन होतो. पुढे रिपोर्ट आला. सिलिॲकच होता. सायराबानू खाली बसून रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "कळलं एकदाचं. आता इलाज करता येईल."

इलाज म्हणजे घरात गहू नाही. लाकडाच्या भेगांत पीठ राहतं, म्हणून मला माळ्यावर ठेवलं. खाली नव्या परातीत ज्वारीच्या भाकरी थापल्या जाऊ लागल्या. समिनाचे गाल भरू लागले. तिघं पुन्हा एकत्र जेवायला बसली.

एकदा माळ्याकडे बघून तिने विचारलं, "अम्मी, पोळपाट रागावला असंल का गं?"

"लाकडाला कसला राग?" आई म्हणाली.

खरंच नाही रागावलो. पण शाळेत डबा खायला ती अजून कोपऱ्यात एकटीच बसते, असं तिने आईला सांगितलं, तेव्हा मात्र मला वाईट वाटलं.

म्हणून मित्रांनो, पोट दुखत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताटातलं काही बंद करू नका. आणि एखादी मैत्रीण तुमच्या डब्यातला घास नको म्हणाली, तर रुसू नका. सरकून तिला जागा द्या. एकटं राहायची सवय मला झाली आहे. तिला ती होऊ देऊ नका.